पोट भरलं की थांबायला शिकवणारा ऑनलाइन वर्ग: एका नर्सचा अभिप्राय

वजन उतरवायचं म्हणून कुणी या वर्गात नाव घालणार असेल तर तो हा वर्ग नव्हे. आठ आठवड्यांत इथे कुणाला काट्यावर उभं करत नाहीत, कॅलरी मोजायला लावत नाहीत, अमुक खा तमुक सोडा अशी यादी हातात देत नाहीत. शिकवतात ते एवढंच: जेवताना पोट भरत आलं की ते वेळेवर कळावं, आणि कळल्यावर हात थांबावा. मी वॉर्डात काम करणारी नर्स आहे, नोकरीतली बरीच वर्षं रात्रपाळीत गेली, आणि मला हा वर्ग मनापासून आवडला. तरीही तो सरसकट सगळ्यांना घ्या असं मी सांगणार नाही. आवडलेलं आणि खटकलेलं, दोन्ही सविस्तर लिहिते.

आधी स्वरूप. आठवड्यातून एक थेट सत्र असतं, शिकवणाऱ्या दोघी असतात: एक आहारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक. गट लहान ठेवतात, त्यामुळे प्रत्येकाला बोलायला मिळतं. रोजच्या सरावासाठी छोटे ऑडिओ आणि तीन रकान्यांचा एक तक्ता मिळतो. सत्र चुकलं तर रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी येतं, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे. ऑडिओमधला आवाज स्वच्छ आहे, मागचं संगीत मात्र काढून टाकायला हवं. जेवताना आतलं काही ऐकायचं असेल तर बाहेर बासरी कशाला?

आमच्या कामात जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नाही, वॉर्ड ठरवतो. डबा उघडला की ॲडमिशन येतं, नाहीतर कुणाचं सलाईन संपतं. नव्या मुलींना आम्हीच सांगतो, ‘मिळालंय तोवर पोटभर खाऊन घे, परत कधी बसायला मिळेल सांगता येत नाही.’ हा सल्ला मायेचा आहे आणि ड्युटीवर तो बरोबरही आहे. पण शरीर तो सुट्टीच्या दिवशीही पाळतं. समोर निवांत वेळ असला तरी हात त्याच वेगाने चालतो, आणि ताट रिकामं झालं की मग पोट दुखायला लागतं. वर्गात माझ्यासारखे बरेच जण भेटले. कुणी ड्रायव्हर, कुणी लहान मुलांचे आईबाप, कुणी मोठ्या कुटुंबात वाढलेले, जिथे उशीर केला तर उरत नसे. हावरट म्हणावं असं त्यांच्यात कुणीही नव्हतं. प्रत्येकाकडे भरभर आणि जास्त खाण्याचं एक खरं कारण होतं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच सत्रात ती कारणं नीट ऐकून घेतली, आणि तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

शरीरशास्त्राचा भाग नेमका आहे. रिकामं पोट मुठीएवढं आकसलेलं असतं, घास येऊ लागला की त्याचा वरचा भाग सैल होऊन जागा करून देतो, त्यामुळे सुरुवातीला ताण जाणवतच नाही. पुढे भिंत ताणली गेली की तिथले संवेदक व्हेगस नसेतून मेंदूच्या खोडाला खबर देतात. अन्न लहान आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरकं (हार्मोन्स) सुटतात. कोलेसिस्टोकायनिन दिल्यावर उंदीर कमी खातात, हे १९७३ मध्ये दिसलं होतं. चरबीतून सुटून भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा शोध १९९४ चा आणि भूक चेतवणाऱ्या घ्रेलिनचा १९९९ चा, म्हणजे आम्ही पाठ केलेल्या शरीरशास्त्रात यातलं बरंच नव्हतं. बाईंनी फळ्यावर एक पोट काढून बाण दाखवत हे सगळं समजावलं, आणि शास्त्र न शिकलेल्या माणसालाही ते कळलं.

एक वाक्य मात्र त्या पुन्हा पुन्हा म्हणतात आणि ते मला पटत नाही: ‘पोट भरल्याची खबर मेंदूला वीस मिनिटांनी पोचते.’ असा एकच ठरलेला आकडा नाही. ताणाची खबर काही मिनिटांतच निघते, आतड्याची संप्रेरकं त्यामागून येतात आणि त्यातली काही जेवण उरकल्यावरही बराच वेळ वाढत राहतात. हा फरक सरावात जाणवतो. वीस मिनिटांची वाट पाहायची म्हटलं की माणूस घड्याळाकडे बघतो. पहिली खबर आधीच आलेली असू शकते असं सांगितलं तर तो पोटाकडे बघेल.

आता या वर्गाचं सगळ्यात चांगलं अंग, मधला थांबा. ताटातलं निम्मं संपलं की हात धुवायचा नाही, उठायचं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि थोडा वेळ नुसतं बसायचं. मग स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. शेवटचा घास पहिल्या घासाइतका चवदार लागला का? पोटात आत्ता नेमकं कुठे आणि काय जाणवतंय? आणि हे ताट आत्ता कुणी उचलून नेलं तर मला कसं वाटेल?

ऐकायला सोपं आहे. करताना काय होतं ते सांगते. पहिल्यांदा मांडीवरचा उजवा हात स्वतःहून ताटाकडे निघतो, त्याला धरून ठेवावं लागतं. मग लक्षात येतं की तोंडात अजून घास आहे. तो नीट चावून गिळला की जीभ मोकळी होते, आणि तेव्हा बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर एक हलका भार जाणवू लागतो. दुखणं नाही, फुगणं नाही, फक्त तिथे काहीतरी आहे एवढी जाणीव. मला वर्षानुवर्षं पोट भरल्याची एकच खूण माहीत होती: नाडी काचते, श्वास वर चढतो, वाकून चप्पल घालता येत नाही. ती तर गरजेपेक्षा बरंच पुढे गेल्याची खूण. त्याआधीच्या खुणा बारीक असतात. घासांमधलं अंतर आपोआप वाढतं. बोटं अन्न नुसतं इकडेतिकडे करत राहतात. आपण ताटातलं आवडीचं तेवढं वेचायला लागतो. आणि एक दीर्घ श्वास येतो, कुणी न सांगता. माझी खूण हा श्वास. दुसऱ्याची वेगळी असेल. वर्ग ती शोधायला वेळ देतो.

एका सत्रात कॅमेरा सुरू ठेवून सगळे एकत्र जेवतात. मी अर्ध्यावर थांबले आणि पुढचा घास उचलला, तेव्हा समुपदेशक बाईंनी विचारलं, ‘सिस्टर, हा घास कुणासाठी आहे?’ मी म्हटलं, ‘ताटासाठी. उरलेलं बरं दिसत नाही म्हणून.’ त्या म्हणाल्या, ‘ठीक आहे. खायचा असेल तर खा. पण कुणासाठी खाताय ते माहीत असू दे.’ ओरडणं नाही, शाबासकी नाही. मी तो घास खाल्ला आणि पुढचा खाल्ला नाही. शिकवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण खाण्यावरून लाजवलेली माणसं आम्ही रोज बघतो. लाजेने कुणाचं खाणं सुधारलेलं मी पाहिलेलं नाही, लपून खाणं तेवढं वाढलेलं पाहिलंय.

चवीच्या प्रश्नामागेही शास्त्र आहे. एकच चव खात राहिलं की त्याच चवीची गोडी उतरत जाते, दुसऱ्या चवीची उतरत नाही. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. जेवण झाल्यावरही वेगळं काही समोर आलं की जागा कशी होते, त्याचं उत्तर यात आहे. याच रोल्सबाईंच्या २००२ च्या प्रयोगात एकाच पदार्थाचं वाढप ५०० ग्रॅमवरून १००० ग्रॅमवर नेलं तेव्हा लोकांनी सुमारे ३० टक्के जास्त खाल्लं, पण पोट किती भरलं या प्रश्नाचं उत्तर जवळपास सारखंच दिलं. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. पोटाचा आवाज इतका हळू असतो की वाढपाच्या आवाजात तो बुडतो.

तक्त्याबद्दल. जेवणाआधी, मध्ये आणि नंतर, भूक आणि भरलेपण १ ते १० या पट्टीवर लिहायचं. आम्ही रुग्णाला दुखणं किती आहे हे अशाच पट्टीवर विचारतो, त्यामुळे मला हे लगेच जमलं. गटातल्या बऱ्याच जणांना जमलं नाही. सहा म्हणजे काय आणि सात म्हणजे काय यातच ते अडकले. बाईंनी मग आकड्यांऐवजी आपले शब्द लिहायला सांगितलं: कडकडून, थोडी, नाही, बरं वाटतंय, जड, घशाशी. तक्ता तेव्हा जिवंत झाला. पुढच्या वर्गासाठी आकडे काढूनच टाकावेत.

स्मरणशक्तीवरचं सत्र माझ्या कामाशी थेट भिडलं. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन रुग्ण होते, त्यांना नुकतं घडलेलं काही आठवत नसे. जेवण संपल्यावर १० ते ३० मिनिटांत दुसरं जेवण पुढे ठेवलं तर ते तेही जेवत, आणि बहुतेक वेळा तिसरंही सुरू करत. पोट तर भरलेलं होतं. पण ‘मी जेवलो’ ही आठवण नव्हती. डिमेन्शियाचे रुग्ण आम्हाला ताट उचलून तासही झाला नाही तोच ‘सिस्टर, आज जेवण नाही का?’ असं विचारतात, आणि नातेवाइकांना वाटतं की म्हातारपणी जीभ सुटली. जीभ सुटलेली नसते हो, आठवण सुटलेली असते. हे मी आता नातेवाइकांना बसवून समजावते.

यावरून दिलेला सराव साधा आहे: पुढच्या जेवणाला बसण्याआधी मागचं जेवण आठवायचं, काय होतं, कुठे बसून खाल्लं, चव कशी होती. सुझान हिग्ज यांच्या प्रयोगांत दुपारचं जेवण आठवायला सांगितलेल्यांनी नंतरचं अरबट-चरबट कमी खाल्लं होतं. फोन बघत जेवलं तर आठवण धड तयारच होत नाही आणि नंतरचं खाणंही वाढतं, हेही प्रयोगांत दिसलंय. जेवताना फोन नको असं सगळेच सांगतात. का नको, हे मला इथे पहिल्यांदा पटलं.

माझी खरी तक्रार सुरू होते ती सहाव्या आठवड्यापासून. त्या आठवड्याचा सराव असा: पोट भरल्याचं जाणवलं की उरलेलं झाकून ठेवायचं आणि स्वतःला मोठ्याने सांगायचं, ‘हे माझंच आहे, परत भूक लागली की खाणार आहे.’ आणि भूक लागली तर खरंच खायचं, तासाभरात लागली तरी. बस्स. वर्ग हे जाता जाता उरकतो. माझ्या मते सगळा वर्ग या एका गोष्टीवर उभा आहे आणि ती पहिल्या दिवशी यायला हवी होती. पोट भरलंय हे आमच्यातल्या बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच कळायला लागलं होतं. कळूनही हात थांबत नव्हता. थांबला तो हे वाक्य आल्यावर. ज्याला पुढचं जेवण मिळेल याची खात्री नाही, त्याला आत्ता थांबणं परवडत नाही. मग ती खात्री गरिबीने घालवलेली असो, नोकरीने, भावंडांच्या गर्दीने किंवा स्वतःच धरलेल्या कडक डाएटने. उद्यापासून हे बंद असं ठरवलेला माणूस आज जास्तच खातो. गटातल्या एका काकांनी सांगितलं की लहानपणी ताट सोडून उठलं की परत आल्यावर ते रिकामं असायचं. ते आता साठीच्या पुढे आहेत, घरात काही कमी नाही. झाकून ठेवलेलं ताट तासाभराने जसंच्या तसं दिसलं तेव्हा त्यांना रडू आलं. त्या सत्रात आम्ही पुढचा विषय घेतला नाही, आणि घेतला नाही ते बरंच झालं.

मीही ड्युटीवर तेच करते. डब्याचे दोन भाग करून नेते. दुसरा भाग माझ्या कप्प्यात आहे हे माहीत असलं की पहिला भाग खाताना घाई होत नाही.

मुलांवरचं सत्र छोटं आहे पण आईबापांनी ऐकावं असं आहे. २००० च्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांपुढे जास्त वाढलं तरी त्यांनी जवळपास तेवढंच खाल्लं, पाच वर्षांची मुलं मात्र वाढलं तसं जास्त खात गेली. तीन वर्षांचं मूल तोंड फिरवतं तेव्हा त्याला आपल्याला अवघड जाणारी गोष्ट येत असते, आणि आपण ‘एवढा एकच घास’ म्हणत त्याच्या मागे पळतो. सुदृढ आणि वाढ चांगली असलेल्या मुलाच्या मागे पळू नका, एवढंच सांगते.

आता जे राहून गेलं आणि राहून जायला नको होतं ते. मधला थांबा घ्या आणि पोट भरलं वाटलं तर अर्ध्यावर उठा, असं सगळ्यांना एकाच सुरात सांगितलं जातं. जेवणाआधी ठरलेला इन्सुलिनचा डोस घेऊन बसलेल्या माणसाने हे केलं तर त्याची साखर उतरेल. काही मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच आहे. घाम, थरथर, गोंधळ, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर बेशुद्धी. मी दुसऱ्याच सत्रात हे बोलले. बाईंनी शांतपणे ऐकलं, गटावर सूचना टाकली, पण नोंदणीच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न अजूनही नाही. तो हवाच. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून डोस आणि जेवणाचा मेळ बसवावा, मगच हा सराव करावा.

दुसरं, थोडं खाल्लं की पोट भरणं हे नेहमी चांगलं लक्षण नसतं. पोटाची हालचाल मंदावणं, अल्सर, बायकांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर, यांतही असंच होतं. नव्याने असं होऊ लागलं, टिकून राहिलं, सोबत वजन उतरत असेल तर मन जागरूक झालं म्हणून खूश होऊ नका, तपासणी करून घ्या. केमोथेरपी चालू असलेल्यांना आणि खंगलेल्या वृद्धांना तर भूक नसतानाही थोडं थोडं खावं लागतं, त्यांच्यासाठी हा वर्ग नाहीच. आणि ज्यांचं खाणं हाताबाहेर जातं, थोड्या वेळात प्रचंड खाल्लं जातं, नंतर स्वतःचा तिटकारा येतो, त्यांना उपचारांची गरज असते. बिंज इटिंग डिसऑर्डर हा २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीमध्ये स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. जागरूकतेने खाण्याचे सराव त्यावरही वापरले जातात, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

तिसरं, लहान ताट वापरा म्हणजे आपोआप कमी खाल, हा धडा जुन्या आधारावर उभा आहे. यातलं बरंच काम ब्रायन वॉन्सिंक यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं, आणि २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचं जाहीर केलं, त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले. ताटाच्या आकाराबद्दल इतरांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. तो धडा काढला तरी वर्गाचं काही बिघडत नाही. त्या जागी केव्हिन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग यायला हवा. २० माणसांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं, आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं. साखर, चरबी, तंतू सारखेच ठेवूनही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि भरभरही खात होते. थांबता न येण्याचा सगळा भार माणसाच्या माथी मारू नये, थोडा अन्नावरही टाकावा.

झोपेवर तर एकही सत्र नाही. २००४ मध्ये १२ तरुणांवर केलेल्या एका प्रयोगात दोन रात्री चारच तास झोप दिल्यावर लेप्टिन १८ टक्के उतरलं, घ्रेलिन २८ टक्के चढलं. रात्रपाळीनंतरच्या सकाळी माझा तक्ता नेहमी वेगळा दिसतो, मधला थांबा घेऊनही पोट काही बोलत नाही. गटातल्या सिक्युरिटी गार्ड दादांचंही तेच. आम्ही दोघांनी आपापसात ठरवलं की त्या सकाळी थोडं खाऊन आधी झोपायचं आणि उठल्यावर नीट जेवायचं. हे वर्गाने सांगायला हवं होतं.

आणि एक खटकणारी गोष्ट. नाव घातल्यापासून त्यांच्या ऑफिसकडून ‘महिन्यात वजन घटवा’ छापाचे मेल येऊ लागले, आधीच्या आणि नंतरच्या फोटोंसकट. सत्रात शिकवतात त्याच्या अगदी उलट. बाईंना विचारलं तर त्यांना त्याची कल्पना नव्हती, असं त्या म्हणाल्या. मेल लगेच बंद करून घ्या, खाली तशी लिंक असते.

माझ्या बाजूने पाचात चार तारे. चौथा तारा फक्त त्या एका ‘हा घास कुणासाठी आहे?’ या प्रश्नासाठी. नाव घालण्याआधी तुमचे आजार आणि औषधं फोनवर स्वतःहून सांगा, फॉर्म विचारणार नाही. ऑडिओ वर्ग संपल्यावरही वर्षभर ऐकता येतात. सहाव्या आठवड्याचा ऑडिओ सुरुवातीपासून उघडा असतो, तो पहिल्याच दिवशी ऐका, बाकीचे मग क्रमाने.